प्रकरण अभ्यास: ४१व्या तासाला मागितलेली गोळी

हे प्रकरण कुणा एका मुलीचं नाही. शहरी किशोरवयीनांच्या तपासणीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका ठिकाणी आणून ते रचलं आहे. औषधांच्या मात्रा आणि मुदती मात्र प्रचलित वैद्यकीय मार्गदर्शनाप्रमाणे आहेत.

काय घडलं

मुलगी १७ वर्षांची. सोमवारी संध्याकाळी ६ वाजता मैत्रिणीला सोबत घेऊन किशोरवयीनांच्या क्लिनिकमध्ये आली. केसपेपरवर तक्रार एका ओळीची: तातडीची गर्भनिरोधक गोळी हवी. संबंध केव्हा आला, या प्रश्नाला उत्तर मिळालं, "रविवारी पहाटे, एकच्या सुमारास." म्हणजे ४१ तास उलटले होते.

त्याच दिवशी सकाळी ती दुसऱ्या एका दवाखान्यात जाऊन आली होती. तिथे लघवी घेतली, गर्भचाचणीची पट्टी बुडवली, "निगेटिव्ह आहे, काळजी करू नकोस" म्हणून घरी पाठवलं आणि लघवी ओतून दिली. या एका कृतीत दोन चुका आहेत. ३३व्या तासाला गर्भचाचणी त्या रात्रीबद्दल काहीच सांगू शकत नाही. गर्भ राहिला असता तरी चाचणीत दिसायला साधारण ३ आठवडे लागले असते. त्या चाचणीचा उपयोग एवढाच की आधीपासून गर्भ नाही हे कळतं. दुसरी चूक मोठी: ओतून दिलेली लघवी हा त्या रात्री शरीरात काय गेलं याचा त्या क्षणी हाताशी असलेला सर्वांत चांगला पुरावा होता.

संध्याकाळी काम सांभाळणाऱ्या नर्सने गोळी देण्याआधी एक साधा प्रश्न विचारला: "त्या रात्री उलटी झाली होती का? काय काय घेतलं होतंस?" सूर औषधाचा इतिहास विचारण्याचा, उलटतपासणीचा नाही. मग माहिती हळूहळू बाहेर आली. व्होडका, किती ते नक्की नाही. व्हेपमधून गांजा. आणि कुणीतरी "रिलॅक्स होशील" म्हणून दिलेली अर्धी पांढरी गोळी. बाराच्या पुढचं बहुतेक काहीच आठवत नव्हतं, मध्येच एखादा तुकडा तेवढा. मुलगा ओळखीतला, तिच्याच वयाचा. कंडोम वापरला होता का? "माहीत नाही." तिची इच्छा होती का? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली.

"माहीत नाही" या उत्तरावर पुढचं सगळं उभं राहतं. दारूने आठवणीत पडणारी पोकळी म्हणजे बेशुद्धी नव्हे. माणूस चालतो, बोलतो, हसतो, पण मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्या वेळचं काही नोंदवूनच ठेवत नाही. त्यामुळे "ती तर शुद्धीत दिसत होती" हे इतरांचं सांगणं आणि "मला आठवत नाही" हे तिचं सांगणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. न नोंदलेली आठवण खोदून काढता येत नाही. फार खोदलं तर ती इतरांच्या सांगण्यातून भरली जाते आणि पुढे तिच्या जबाबाची किंमत घटते. म्हणून इथे नियम दोन: तिचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहायचे, आणि कंडोमबद्दल खात्री नसेल तर संरक्षण नव्हतं असं धरून उपचार ठरवायचे.

गुप्ततेची बोली आधी

मैत्रिणीला बाहेर बसवून, पुढचा प्रश्न विचारण्याच्या आधी डॉक्टरांनी तिला सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहतं, अपवाद तीन: तिच्या स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाला धोका, किंवा तिच्यावर अत्याचार झाल्याचा संशय. तिसऱ्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी १८ वर्षांखालच्या व्यक्तीसाठी कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. हे ऐकल्यावर काही मुलं बोलायची थांबतात, आणि तरीही ते आधीच सांगायला हवं. सगळं बोलून झाल्यावर "आता हे मला कळवावं लागेल" असं ऐकलेली मुलगी पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढत नाही. इथे कळवण्याची प्रक्रिया सुरू झाली; कोणाला, केव्हा, कुणाच्या उपस्थितीत, हे तिला विचारून ठरलं.

गुप्तता फुटते ती बहुधा डॉक्टरांच्या तोंडून नाही, मोबाइलवरून. लॅबच्या नोंदीत पालकांचा नंबर असतो आणि रिपोर्टचा मेसेज थेट वडिलांच्या फोनवर जातो. बिलावर चाचणीचं नाव छापून येतं. नमुना लॅबकडे पाठवण्याआधी नंबर, ई-मेल आणि बिलाची पद्धत तपासली गेली; दोन मिनिटांचं काम, पण ते कुणाच्या तरी नावावर टाकलेलं नसेल तर राहून जातं.

कुठली मुदत आधी संपते

अशा वेळी सगळं महत्त्वाचं वाटतं, म्हणून क्रम मुदतीवरून लावायचा. विषारी किंवा गुंगीच्या पदार्थांसाठी रक्ताचा नमुना साधारण ४८ तासांपर्यंत उपयोगाचा असतो, म्हणजे इथे ७ तास उरले होते. एचआयव्ही टाळण्याचा औषधोपचार ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि तोही जितका लवकर तितका बरा. लघवीचा नमुना १२० तासांपर्यंत घेता येतो. तातडीच्या गर्भनिरोधनालाही पर्यायानुसार ७२ ते १२० तास.

म्हणून आधी रक्त आणि लघवी. लघवी १०० मिलिलिटरच्या आसपास, एकाच बाटलीत, सील करून, घेणाऱ्याची सही आणि वेळ टाकून. इथे नेहमीचा घोळ होतो तो असा: क्लॅमिडिया आणि गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गांच्या तपासणीलाही लघवी लागते, तीही पहिल्या धारेची २० ते ३० मिलिलिटर. मग एका बाटलीतून दुसरीत ओतणं सुरू होतं आणि पुराव्याची साखळी, म्हणजे नमुना कुणाच्या हातून कसा गेला याची सलग नोंद, तुटते. उपाय सोपा आहे. संसर्गाच्या तपासणीसाठी मुलीने स्वतः घेतलेला योनीमार्गाचा स्वॅब (कापसाच्या काडीवरचा नमुना) वापरायचा. तो लघवीइतकाच, किंबहुना थोडा अधिक भरवशाचा असतो, आणि तिला त्या दिवशी आतली तपासणी सोसावी लागत नाही. पार्टीचे कपडे घरी न धुता पडून होते. ते प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत आणायला सांगितलं. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि जैविक पुरावा नासतो.

क्लिनिकमधल्या पट्टीवर त्याच संध्याकाळी, सीलबंद बाटलीला हात न लावता, वेगळी घेतलेली लघवी तपासली गेली. गांजा आला, झोपेच्या गोळ्यांच्या गटात काहीच आलं नाही. इथे तिला "तुझ्या अंगात दुसरं काही नव्हतं" असं सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. साध्या पट्ट्या याच गटातल्या क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम बऱ्याचदा पकडत नाहीत, केटामाइन आणि जीएचबी ही गुंगी आणणारी द्रव्यं नेहमीच्या पट्ट्यांत नसतातच. जीएचबी तर लघवीतून साधारण १२ तासांत नाहीसं होतं. उलट गांजा वारंवार घेणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक दिवस, कधी आठवडे दिसत राहतो. म्हणून "गांजा पॉझिटिव्ह" याचा अर्थ त्या रात्री तो किती चढला होता असा होत नाही. पुढे प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या सूक्ष्म तपासणीत) क्लोनाझेपामचं शरीरात बदललेलं रूप सापडलं. दारू आणि ही गोळी मेंदूचं काम मंदावणाऱ्या एकाच गाबा यंत्रणेवर काम करतात. दोन्ही मिळून आठवण पुसतातच, श्वासही मंदावतो. पार्टीत दिलेल्या गोळीच्या रंगावरून किंवा नावावरून तिच्यात काय आहे हे कुणालाच कळत नाही, देणाऱ्यालाही नाही.

औषधं, आणि ती एकमेकांच्या आड कशी येतात

पाळीचा १२वा दिवस, चक्र २८ दिवसांचं. अंडं सुटण्याच्या तोंडावर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम ही तातडीची नेहमीची गोळी कमी पडते, कारण अंडं सोडायला लावणाऱ्या एलएच या संप्रेरकाची उसळी सुरू झाली की ती काम करत नाही. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम ही दुसरी तातडीची गोळी. ते त्या टप्प्यावरही अंडं सुटणं पुढे ढकलू शकतं आणि १२० तासांपर्यंत चालतं. सर्वांत परिणामकारक पर्याय कॉपर-टी, तोही ५ दिवसांपर्यंत. पण अत्याचाराचा संशय आणि लैंगिक संसर्गाचा जास्त धोका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तो सहसा टाळावा अशा वर्गात जातो, शिवाय तिला आतली तपासणी नको होती. युलिप्रिस्टल दिलं. त्याची एक अट आहे: पुढचं हार्मोनचं गर्भनिरोधक ५ दिवस थांबून सुरू करायचं, नाहीतर दोन्ही एकमेकांचा परिणाम खातात.

एचआयव्हीचा औषधोपचार, ज्याला पेप म्हणतात, तो आपोआप देण्याची गोष्ट नाही. समोरचा एचआयव्हीबाधित असेल तर असुरक्षित योनीसंबंधातून स्त्रीला संसर्ग होण्याचं प्रमाण दर १०,००० संबंधांमागे सुमारे ८ धरलं जातं. इथे त्याची स्थिती माहीत नव्हती. पण आठवणीत पोकळी, कोण कोण होतं याची खात्री नाही, दुखापत झाली का हेही माहीत नाही. असे तीन अज्ञात एकत्र आले की पारडं औषध देण्याकडे झुकतं. तिला आकडा सांगितला, निर्णय तिचा. तिने होकार दिला. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम एकाच गोळीत, दिवसातून एकदा, २८ दिवस. पहिली गोळी रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता तिथेच. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सिफिलिस आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन यांचे नमुने आधी घेऊन ठेवले. आणि २८च्या २८ गोळ्या एकदम हातात दिल्या. "३ दिवसांच्या घे, मग परत ये" ही पद्धत कागदावर शहाणपणाची दिसते. प्रत्यक्षात किशोरवयीन मुलं परत येत नाहीत.

लैंगिक संबंधातून होणाऱ्या इतर संसर्गांसाठी: सेफ्ट्रिअॅक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस, मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस. आता हे सगळं दोन दिवस धड न जेवलेल्या पोटात एकदम गेलं तर उलटी ठरलेली, आणि ३ तासांच्या आत उलटी झाली तर युलिप्रिस्टल पुन्हा द्यावं लागतं. म्हणून आधी उलटी थांबवणारी गोळी, बिस्किटं, मग युलिप्रिस्टल आणि पेप. मेट्रोनिडाझोल दुसऱ्या दिवसापासून घरी.

एक प्रश्न विसरला गेला असता: रोज दुसरं काही घेतेस का? अंगात रक्त कमी म्हणून ती लोहाची गोळी घेत होती. लोह डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतं आणि रिकाम्या पोटी डोल्युटेग्रॅव्हिरलाही. पहिले ७ दिवस लोह बंद ठेवलं. नंतर लोह आणि पेपची गोळी दोन्ही जेवणासोबत, एकाच वेळी. जेवणासोबत जमत नसेल तर पेप आधी २ तास किंवा नंतर ६ तास. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या अॅसिडिटीच्या गोळ्यांना मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे हे अंतर पाळावंच लागतं. डॉक्सिसायक्लिन ग्लासभर पाण्यासोबत घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. रात्री झोपताना घोटभर पाण्यात गिळणं हे किशोरवयीनांचं ठरलेलं. पेपची वेळ सकाळची ठेवली. डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते, आणि झोपेसाठीच गोळ्यांकडे वळलेल्या मुलीला रात्री ते देणं म्हणजे एका धोक्यासाठी दुसऱ्याला बोलावणं.

झोपेच्या गोळ्यांकडे ती वळली आहे हे कळलं ते क्राफ्ट या प्रश्नावलीतून. १२ ते २१ वयासाठीचे सहा प्रश्न: नशेत असलेल्या चालकाच्या गाडीत बसणं, ताण हलका करायला नशा, एकटं असताना नशा, केलेलं विसरणं, घरच्यांनी किंवा मित्रांनी कमी कर म्हणणं, नशेमुळे अडचणीत येणं. दोन किंवा जास्त होकार म्हणजे जास्त धोका. तिचे चार आले. ताण आणि एकटेपणा या दोन होकारांच्या मागे विचारलं तेव्हा कळलं की गेले काही महिने आठवड्यातून दोन-तीन रात्री ती घरातल्याच कुणाच्या तरी डबीतून अल्प्राझोलाम घेत होती. अशा वेळी "आजपासून बंद" असा हुकूम सोडायचा नाही. रोजच्या सवयीनंतर या गोळ्या एकदम तोडल्या तर झटके येऊ शकतात. किती, किती दिवस, शेवटची केव्हा हे मोजून मगच कमी करण्याचा आराखडा. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं गेलं. विचार होते, बेत नव्हता. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाचा फोन ठरला, तिने दिलेल्या नंबरवर, तिने दिलेल्या वेळेला.

ज्ञान होतं, ते कामी आलं नाही

कंडोम, गर्भधारणा, एचआयव्ही या सगळ्याची माहिती या मुलीला होती. पर्समध्ये कंडोमही होता. नशेत माहिती पुसली जात नाही. त्या माहितीवरून वागण्याची क्षमता जाते. दारूत लक्ष समोरच्या क्षणापुरतं आक्रसतं, नंतरच्या परिणामांना त्यात जागाच उरत नाही. त्यातून किशोरवयात कपाळामागचा, स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग अजून घडत असतो. तो विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. म्हणून अशा प्रसंगानंतर पुन्हा तेच व्याख्यान ऐकवणं हा आमच्या मते वेळेचा अपव्यय आहे. "ग्लासावर लक्ष ठेव" हा सल्ला तर पहिल्या भेटीत देऊच नये. तो ऐकताना तिला एवढंच ऐकू येतं की चूक तिची होती.

उपयोगाचं आहे ते असं संरक्षण, ज्याला त्या रात्री कुठलाही निर्णय घ्यावा लागत नाही. आकडे बोलके आहेत. प्रत्यक्ष वापरात वर्षभरात गर्भ राहण्याचं प्रमाण कंडोमवर १०० पैकी सुमारे १३, रोजच्या गोळीवर ७, इंजेक्शनवर ४. दंडात बसवायच्या इम्प्लांटवर (संप्रेरक सोडणाऱ्या छोट्या कांडीवर) १ हजारात १. फरक औषधाच्या ताकदीचा कमी आणि आठवणीवर किती भिस्त आहे याचा जास्त आहे. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) आणि हेपॅटायटिस बीची लसही त्याच जातीची: एकदा घेतली की शुद्ध आहे की नाही हे ती विचारत नाही. कंडोमची गरज यातून संपत नाही, कारण क्लॅमिडिया आणि सिफिलिसला दुसरा अडसर नाही. पण सगळा भार एकट्या कंडोमवर, आणि तोही नशेतल्या हातांवर, टाकायचा नाही.

पुढचे आठवडे

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: क्लॅमिडिया पॉझिटिव्ह. यावरून "त्या रात्रीच लागण झाली" असं लिहून मोकळं होणं सोपं होतं आणि चुकीचंही. ४१व्या तासाच्या स्वॅबमध्ये सापडलेला जंतू जुन्या संसर्गाचाही असू शकतो. बहुतेक स्त्रियांत क्लॅमिडियाची लक्षणंच नसतात. नोंदीत फक्त निष्कर्ष लिहिला, कारण लिहिलं नाही. उपचार आधीच सुरू होते. नेहमीच्या प्रकरणात जोडीदाराला कळवून त्याचेही उपचार करतात. इथे तक्रार प्रक्रियेत असताना क्लिनिकने परस्पर संपर्क साधणं तिच्या सुरक्षिततेला बाधक ठरलं असतं, म्हणून ते काम तपासयंत्रणेमार्फत झालं. गोनोरियाचा पहिला स्वॅब निगेटिव्ह होता. औषध दिलं नसतं तर तो १ ते २ आठवड्यांनी पुन्हा घ्यावा लागला असता, कारण इतक्या लवकर जंतू चाचणीत सापडण्याइतके वाढलेले नसतात.

दुसऱ्या आठवड्यात ती सुट्टीला नातेवाइकांकडे गेली आणि पेपची एक गोळी चुकली. दुसऱ्या सकाळी, संधी मिळताच, घेतली. दुप्पट घेतली नाही. चुकण्याचं कारण विसरणं नव्हतं: डबीवरचं नाव कुणी वाचेल ही भीती. त्यानंतर ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट गोळ्या साध्या डबीत हलवल्या. पहिल्याच दिवशी हे करून द्यायला हवं होतं.

त्याच भेटीत तिने आईला सांगायचं ठरवलं. काय सांगायचं, काय नाही, हे आधी कागदावर लिहिलं. आई आली तेव्हा डॉक्टर खोलीत होते, पण बोलली ती. घरातली अल्प्राझोलामची डबी कुलपात गेली ती त्या संध्याकाळी.

तिसऱ्या आठवड्यात गर्भचाचणी निगेटिव्ह. त्याच दिवशी इम्प्लांट बसवलं, पुढचे ७ दिवस कंडोमची जोड सांगून. हेपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली होती, पण प्रतिपिंडांची पातळी कमी आढळली. एक वाढीव मात्रा दिली. एचपीव्ही लसीची सुरुवात झाली.

सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात एचआयव्ही तपासणी, दोन्ही निगेटिव्ह. सिफिलिसची रक्तचाचणी बाराव्या आठवड्यात पुन्हा केली, कारण त्या संसर्गाला उगवायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. क्लॅमिडियाची फेरतपासणीही तेव्हाच. ती ३-४ आठवड्यांच्या आत केली असती तर मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरूनही पॉझिटिव्ह येऊ शकली असती. ती निगेटिव्ह आली.

क्राफ्ट पुन्हा घेतली तेव्हा होकार दोन. झोपेच्या गोळ्या सुटल्या होत्या, मध्ये एकदा घेतली होती ते तिने स्वतःहून सांगितलं. शनिवारचा व्हेप सुरूच होता. पुढची भेट महिन्याभराने ठेवली, विषय तोच. आणि तोवरसाठी तिच्या मैत्रिणीलाही शिकवून ठेवलं की कुणी उठत नसेल, श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी पडत असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील तर कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची आणि काय घेतलं होतं ते न लपवता सांगायचं. हाताशी नॅलॉक्सोन (अफूजन्य पदार्थांवरचा उतारा) असेल तर तेही द्यायचं: झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, पण पार्टीतल्या गोळीत अफूजन्य पदार्थ मिसळलेला असू शकतो, आणि तो नसला तरी नॅलॉक्सोनने अपाय होत नाही.